मुडपलेली पानं

आमच्या संस्थेत तिला सगळे कुंडीताई म्हणायचे. खरं नाव हजेरीच्या वहीत असेल, पण ते घेऊन तिला कुणी हाक मारलेली मला आठवत नाही. मी तिथं चादरी, अभ्रे आणि टॉवेलांचं भांडार सांभाळायचे. संस्था म्हणजे म्हाताऱ्या, अंथरुणाला खिळलेल्या माणसांचं शुश्रूषागृह. तीन मजले, चौसष्ट खाटा, आणि प्रत्येक खाटेशेजारच्या खिडकीत एक कुंडी.

कुंड्या एकासारखी एक नव्हत्या. माणसं येताना घरून काहीतरी घेऊन यायची. कुणाची निळ्या चिनी मातीची, कुणाचं तळाला भोकं पाडलेलं तांब्याचं पातेलं, एका आजोबांनी तर चिनी चहादाणीच आणली होती. त्यात काय लावायचं हे कुंडीताई ठरवायची, आणि ठरवण्याआधी ज्याचं त्याला विचारायची. एका आजींची नजर पूर्ण गेलेली होती. त्या म्हणाल्या, "मला काय विचारतेस? मला काही दिसतंय का?" दुसऱ्या दिवशी कुंडीताईनं त्यांच्या खिडकीत पुदिना लावला आणि एक पान चुरडून त्यांच्या बोटांत दिलं. आजी दिवसभर बोटांचा वास घेत बसल्या होत्या.

ती मूळची शिवणकामातली. एका शर्टांच्या कारखान्यात एकोणीस वर्षं नुसत्या कॉलर शिवल्या. कारखाना बंद पडला तेव्हा शेहेचाळीस वर्षांची होती. लग्न केलेलं नव्हतं. दोन खोल्या आणि एक गच्चीवजा बाल्कनी, एवढा तिचा संसार. त्या बाल्कनीतल्या झाडांवरून आमच्या मेट्रनबाईंनी तिला बोलावलं. मेट्रनबाईंच्या मनात ऑर्किड होती. ही म्हणाली, "बाई, इथं प्रत्येकाला दिवसातून सहा गोळ्या आठवणीनं द्याव्या लागतात. त्यात झाडाचे लाड कोण करणार? साधीच लावू." मागे एक उंच, मध्ये दोन भरगच्च, कडेनं एक लोंबतं, आणि चारही अशी की दोन दिवस पाणी चुकलं तरी रुसणार नाहीत. कोलियस, सदाफुली, झेंडू, चिनी गुलाब. सहा वर्षं तिनं हेच केलं आणि लोक म्हणायला लागले की बाईला हातगुण आहे, वाळक्या काडीला हात लावला तरी पालवी फुटते. ती हसून उडवून लावायची, पण मनातून तिला ते आवडायचं. आयुष्यात तिचं असं कौतुक दुसऱ्या कशाचं झालं नव्हतं.

त्या वर्षी उन्हाळा लागायच्या आधी तिनं सगळ्या कुंड्या रिकाम्या करून नव्यानं भरल्या. खत नेहमीप्रमाणे तिच्या दादाकडून आलं. दादाचा गावाच्या टोकाला चौदा गाईंचा गोठा होता. आईवडील एकाच वर्षात गेले तेव्हा ही सात वर्षांची होती आणि तो एकोणीस. त्यानं शिक्षण सोडलं, दोन गाईंवर घर चालवलं, हिला वाढवलं, हिची वेणी घालायलासुद्धा तोच शिकला. त्याचं लग्न झालं तेव्हा वहिनीनंही हिला लेकीसारखं जवळ घेतलं. तर तो दादा दरवर्षी कुजलेल्या शेणखताच्या गोणी स्वतः टेम्पोतून आणून टाकायचा आणि म्हणायचा, "माझ्या गाईंचं खत आहे. दगडात घातलंस तरी उगवेल."

बाराव्या दिवशी पहिलं पान मुडपलं.

ते दुसऱ्या मजल्यावरच्या मास्तरांच्या झेंडूचं होतं. हे मास्तर चौतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. पाय गेले होते, हात थरथरायचे, पण जीभ खणखणीत. ते म्हणाले, "कुंडीताई, तुझ्या झेंडूला काय झालंय बघ. पान आहे की चमचा?" नवं पान अरुंद आलेलं, कडा वर वळलेल्या, शेंडा पिळलेला. तिला वाटलं कीड असेल. साबणाचं पाणी फवारलं. चार दिवसांत तशीच पानं नऊ कुंड्यांत दिसली. मग वाटलं पाणी जास्त होतंय, ते कमी केलं. मग वाटलं कमी पडतंय, वाढवलं. मग वाटलं झाडं उपाशी आहेत, म्हणून प्रत्येक कुंडीत दोन दोन मुठी खत आणखी घातलं. दादाचं खत म्हणजे तिच्या लेखी सगळ्या दुखण्यांवरचा इलाज.

तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी एकेचाळीस कुंड्यांत हे पसरलं होतं. तिनं मेलेली झाडं उपटून नवी रोपं लावली. ती चांगली टवटवीत रोपं आठ दिवसांत तशीच वाकडी झाली. तिसऱ्यांदा लावली. तिसऱ्यांदाही तेच.

दुसरीकडे कुठं असती तर चार झाडं मेली म्हणून कुणी हळहळलं नसतं. इथं गोष्ट वेगळी होती. आमच्या माणसांना दिवसभर बघायला छत, दार आणि ती एक कुंडी. एका बाईंनी नर्सला सांगून कुंडी व्हरांड्यात नेऊन ठेवायला लावली. "सकाळी डोळे उघडले की ते समोर दिसतं," त्या म्हणाल्या. "मला कळतं ते काय सांगतंय." दुसऱ्या दिवशी आणखी पाच कुंड्या बाहेर आल्या. नजर गेलेल्या आजींनी पुदिन्यावरून बोटं फिरवली आणि विचारलं, "अगं, ही पानं अशी मुठी का वळतायत?"  कुंडीताई तशीच खाली माझ्याकडे भांडारात आली आणि चादरींच्या गठ्ठ्यावर बसली.

तिचे हात पाहून मी घाबरले. लालभडक, बोटांच्या पेरांवर भेगा.

"हे काय करून घेतलंस?"

"जंतुनाशकानं धुते. प्रत्येक कुंडीच्या आधी आणि नंतर." ती हातांकडे बघत म्हणाली, "माझ्याच हातातून जातंय गं काहीतरी. मी हात लावते आणि ते मरतं. सहा वर्षं सगळे म्हणत होते ना हातगुण, हातगुण. मग हा पण हातगुणच."

"काहीतरी बोलू नकोस."

"मग तू सांग काय आहे ते."

मी काय सांगणार? मला चादरींवरचे डाग ओळखता येतात, झाडांतलं काही कळत नाही.

मेट्रनबाई दुष्ट नव्हत्या. त्यांनी तिला खोलीत बोलावून, दार लावून, हळू आवाजात सांगितलं, "पंधरा दिवस देते. तोवर नाही सावरलं तर मी प्लास्टिकची झाडं मागवणार. तीन जणांनी जेवण कमी केलंय. मला ते बघावं लागतं." कुंडीताईनं मान हलवली.  दुपारी ती एका शिवणाच्या कार्यशाळेत काम मागायला गेली. तिथल्या मालकिणीनं बोलणं वाढवलं नाही, फक्त सुई आणि दोरा पुढे केला. चार वेळा प्रयत्न करूनही दोरा ओवला गेला नाही. डोळे पूर्वीचे राहिले नव्हते, आणि हातांना भेगा पडलेल्या. मालकिणीनं सुई परत घेतली.

संध्याकाळी ती माझ्यासमोर उभी राहून म्हणाली, "सगळं बंद करून टाकावंसं वाटतं."

"काम म्हणतेस?"

ती दाराकडे वळली. मी टॉवेल मोजायचे तसेच टाकले, कुलूप लावलं आणि बाजारातून काही घ्यायचं आहे असं खोटं सांगून तिच्याबरोबर चालत तिच्या घरापर्यंत गेले. तिच्या खोलीत दोन तास बसले. तिनं दिवा लावला नाही, मीच लावला. निघताना तिला म्हटलं, "उद्या नऊला माझ्याकडे ये, अभ्रे शिवायचेत." शिवायचे काही नव्हते. पण ती आली.

त्याच सकाळी मास्तरांनी तिला बोलावणं धाडलं. ती जायला तयार नव्हती, मी तिला ओढतच वर नेलं.

"बस," मास्तर म्हणाले. "इतके दिवस तू औषधं बदलतेस, पाणी बदलतेस, झाडं बदलतेस. सगळं एकदम बदलतेस. मग कळणार कसं कशानं होतंय? माझ्या वर्गात असतीस तर नापास केलं असतं." मग माझ्याकडे वळून, "स्वयंपाकघरातून बारा राजमे आण. आणि बारा कागदी पेले."

चार पेल्यांत बागेतली नुसती माती. चार पेल्यांत तीच माती आणि दुकानातलं पिशवीबंद खत. चार पेल्यांत तीच माती आणि गोणीतलं शेणखत. प्रत्येकात एक राजमा, सगळ्यांना सारखंच दोन चमचे पाणी. मास्तरांनी थरथरत्या हातानं चिठ्ठ्या लिहिल्या. अक्षर कोंबडीनं खरडल्यासारखं होतं पण त्यांनी दुसऱ्या कुणाला लिहू दिलं नाही. कुंडीताईला हात लावायला मनाई केली. "सगळं हिनं लावायचं," म्हणजे मी. "म्हणजे तुझ्या हाताचाही निकाल लागेल."

पुढचे दहा दिवस आठवले तरी नकोसे वाटतात. बाकीच्या कुंड्या रोज एक एक बाहेर येत होत्या. तांब्याचं पातेलं बाहेर आलं. चहादाणी बाहेर आली. व्हरांड्याच्या टोकाला मेलेल्या झाडांची अशी रांग लागली की भेटायला येणारे नातेवाईक तिथून जाताना आवाज खाली आणायचे. कुंडीताई सकाळी यायची, मास्तरांच्या खिडकीतल्या पेल्यांकडे लांबून बघायची आणि मग खाली येऊन माझ्याजवळ घड्या घालत बसायची. डबा आणायची आणि तसाच परत न्यायची.

पाचव्या दिवशी बाराही राजमे उगवले. अकराव्या दिवशी मास्तरांनी मला हाक मारली. मातीतले चारही सरळ, रुंद पानांचे. पिशवीच्या खतातलेही तसेच. शेणखतातल्या चारही रोपांची पानं मुडपून द्रोणासारखी झालेली, शेंडे पिळलेले.

मास्तरांचा चेहरा असा फुलला होता की जणू त्यांचे पाय परत आले. "बघ! रोपं लावली हिनं, पाणी घातलं हिनं. तुझ्या हाताला काहीही झालेलं नाही. झालंय ते खताला."

मला वाटलं आता ही रडेल, हसेल, मास्तरांच्या पाया पडेल. तिचा चेहरा मात्र पांढरा पडला. ती स्टुलावर बसली.

"मास्तर, पुन्हा एकदा करून बघू या."

"कशाला? चारपैकी चारही मुडपलीत."

"ते खत माझ्या दादाचं आहे."

 मास्तरांनी आवाज उतरवून समजावून सांगितलं. गवताच्या कुरणात तण मारायचं एक औषध असतं. ते गवताला काही करत नाही, रुंद पानांच्या झाडांना मारतं. ते गवत वाळवून चारा म्हणून विकलं जातं, गाय ते खाते, गाईला काही होत नाही, आणि औषध जसंच्या तसं शेणातून बाहेर येतं. खत कितीही कुजवा, लवकर जात नाही. "मी कुठंतरी वाचलं होतं," ते म्हणाले. "तुझ्या भावाचा यात काही दोष नाही. त्याला माहीतही नसेल. पण त्याचं खत आणखी कोण कोण नेतं?"

कुंडीताईनं बोटांवर मोजलं. दोन भाजीवाले. शाळेची बाग. वहिनीचे स्वतःचे टोमॅटो.

"मग आजच जा," मास्तर म्हणाले.

ती मला बरोबर चल म्हणाली नाही, पण मी गेले. दादा गोठ्यात चारा टाकत होता. थोराड माणूस, पासष्टीचा, हिला पाहून तोंडभर हसला. "आलीस? बस, वहिनी दूध आणतेय." ती बसली नाही. तिनं एक मुडपलेलं रोप कागदात गुंडाळून आणलं होतं, ते त्याच्या पुढे धरलं आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. थांबली असती तर तिला पुढचं बोलताच आलं नसतं.

दादानं रोप हातात घेतलंच नाही. "माझ्या गाईंच्या शेणात विष आहे म्हणतेस?"

"गाईंचं नाही रे. चाऱ्याचं. तू थंडीपासून नव्या व्यापाऱ्याचा चारा घेतोस ना?"

"तो चारा माझी जनावरं खातात. दूध देतात. ते दूध मी पितो, तुझी वहिनी पिते. आम्ही मेलो का?"

"माणसाला काही होत नाही दादा, झाडांना..."

"पंचेचाळीस वर्षं हेच शेण उचललं मी. याच शेणावर तुला वाढवली." त्याचा आवाज चढला तशी वहिनी दारात येऊन उभी राहिली. "तुझ्या हातून झाडं मरायला लागली आणि त्याचं खापर माझ्या माथी फोडायला आलीस? पेल्यात राजमे लावून?"

"शाळेला तरी देऊ नकोस. एवढंच ऐक माझं."

"जा तू," तो म्हणाला. "आणि खत मागायला पुन्हा या दारात येऊ नकोस."

वहिनी दुधाचा पेला हातात घेऊन तशीच उभी होती. परत येताना कुंडीताई एकदाच बोलली. "हात माझा वाईट असता तर बरं झालं असतं," ती म्हणाली. "मी काम सोडलं असतं, एवढंच."

मुदतीचे चार दिवस उरले होते. चौसष्ट कुंड्यांची माती बदलायला ना माणसं होती ना माती. ती व्हरांड्यात त्या मेलेल्या रांगेसमोर नुसती उभी होती, आणि तेव्हा तिला जे दिसलं ते आमच्यापैकी कुणालाच इतक्या दिवसांत दिसलं नव्हतं. टोकाच्या दोन कुंड्यांत बाकीची झाडं मेली होती, पण एकेक जिवंत होतं. एकीत स्पायडर प्लांट, दुसरीत जांभळ्या पानांची लोंबती वेल. खत तेच, तेवढंच. तिनं दोन्हींची पानं तोडून मास्तरांकडे नेली. मास्तरांनी ती उजेडात धरली. "शिरा बघ. झेंडूच्या पानात जाळं असतं. यात सरळ रेषा, गवतासारख्या. ही गवताच्या गोतावळ्यातली. त्या औषधाला ती दिसतच नाहीत."

"म्हणजे सरळ शिरांची लावली तर?"

"लाव. पण फुलं विसर."

तिनं तीन दिवसांत स्वतःची बाल्कनी बोडकी केली. स्पायडर प्लांटची लोंबती पिल्लं तोडून आणली, स्नेक प्लांटचे गड्डे सुरीनं वेगळे केले, लिलीचे कांदे उकरले, जांभळ्या वेलीच्या काड्या पाण्यात बुडवून बादल्याच्या बादल्या आणल्या. मागे एक उंच, मध्ये भरगच्च, कडेनं लोंबतं, तिची पद्धत तीच राहिली. मी, धुणं धुणारी बाई आणि दोन नर्स मिळून आम्ही कुंड्या वाहिल्या. आजींच्या खिडकीत तिनं गवती चहा लावला. आजींनी पात चुरडली, वास घेतला आणि म्हणाल्या, "आता दर तासाला चहा मागितला तर मला बोलायचं नाही हं कुणी."

बाकीचे एवढे खूश नव्हते. "हे काय, गवत लावलंस?" असं तिला दिवसभर ऐकावं लागलं. कुंड्या विरळ, हिरव्या-जांभळ्या, एकही फूल नाही. मेट्रनबाई तिन्ही मजले फिरल्या.

"जगतील?" त्यांनी विचारलं.

"ही जगतील. याच्यापुढचं मी काही कबूल करत नाही."

त्यांनी प्लास्टिकची झाडं मागवली नाहीत.

झाडं जगली, पण कुंडीताई पूर्वीची राहिली नाही. हातांच्या भेगा भरल्या. हातगुणाचा विषय कुणी काढला की मात्र ती उठून जायची. दर रविवारी दादाकडे जेवायला जायची तिची सवय होती. आता रविवारी ती संस्थेत येऊन बसायला लागली. मास्तर त्या हिवाळ्यात गेले. त्यांच्या खिडकीतल्या लिलीला तेव्हा एकही फूल नव्हतं, ती उन्हाळ्यात फुलली, दुसऱ्याच कुणाच्या तरी समोर.

दादाशी बोलणं बंद होऊन आठ महिने झाल्यावर वहिनीचा फोन आला. "मी बोलावतेय, तो नाही," वहिनी म्हणाली. "पण मी बोलावते म्हटल्यावर तो नको म्हणाला नाही."

ती एकटी गेली. पुढचं तिनं मला सांगितलं ते असं. दादा दुधाचे कॅन धूत होता. त्यानं वर पाहिलं नाही.

"चारा बदललाय," तो म्हणाला.

"बरं केलंस."

"तुझ्या वहिनीचे टोमॅटो गेले. उरलेलं खत मागच्या खड्ड्यात टाकलं. कुणाला दिलं नाही."

"बरं."

मग तो बराच वेळ एकच कॅन घासत राहिला. शेवटी म्हणाला, "शाळेची बाग गेली. तू सांगून गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी मी तिथं दोन टेम्पो टाकून आलो. रागानं. तू खोटी ठरावीस म्हणून."

 तो तिच्यापेक्षा बारा वर्षांनी मोठा होता, तिनं आजवर त्याला कशासाठी मान खाली घालताना पाहिलं नव्हतं, आणि आता त्याला ती वर करता येत नव्हती. तिला त्याचा रागही आला, आणि तो इतका थकलेला दिसत होता की राग धरवेनाही.

"शाळेत कुणाला सांगितलंस?" तिनं विचारलं.

"नाही."

"मग सांगू या. माती वरची वीतभर काढावी लागेल."

"माझी कंबर जाते आता," दादा म्हणाला.

"मी उपसते. तू टेम्पो आण."

पुढचे तीन शनिवार ती दोघं त्या शाळेच्या आवारात माती उपसत होती. एका शनिवारी मी डबा घेऊन गेले होते.  ती घमेलं भरायची, तो उचलून टेम्पोत ओतायचा, आणि दर चार घमेल्यांनी कंबर धरून उभा राहायचा. तो उभा राहिला की तीही थांबायची.